शिष्यवृत्ती तालुक्याच्या नावाने द्या

नाशिकमध्ये दोन कार्यालयं अशी आहेत, ज्यांच्या जोडीचं दुसरं राज्यात नाही. दिंडोरी रोडला म्हसरूळजवळ महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. १९९८ पासून राज्यभरातल्या मेडिकल, आयुर्वेद, दंत आणि नर्सिंग कॉलेजांच्या परीक्षा इथून चालतात, पदव्या इथून निघतात. आणि जुन्या आग्रा रोडवर गडकरी चौकात आदिवासी विकास आयुक्तालय. राज्यातल्या आश्रमशाळा, वसतिगृहं, आदिवासी मुलांच्या शिष्यवृत्त्या यांचा कारभार तिथून हलतो. ट्रॅफिक नसेल तर एकीकडून दुसरीकडे जायला अर्धा तास पुरे. डॉक्टर घडवण्याचा अधिकार एका इमारतीत, गरीब घरातल्या मुलाला शिकवण्याचा पैसा दुसऱ्या इमारतीत. आणि याच शहरातून पेठ रोड धरला, सावळघाट ओलांडला की ज्या भागात आपण शिरतो, तिथे डॉक्टर टिकत नाही ही तक्रार माझ्या लहानपणापासून जशीच्या तशी आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाणा तालुक्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातमध्ये टाका अशी मागणी केली होती. रस्ते, पाणी, शाळा आणि दवाखाना, हीच गाऱ्हाणी. नाशिक शहरात तेव्हा बऱ्याच जणांना ते राजकारण वाटलं. पण त्या गावांतली माणसं दुखणं वाढलं की नाशिकऐवजी धरमपूर, वलसाड गाठतात हे त्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या जिल्ह्यात आरोग्य विद्यापीठ आहे, त्याच जिल्ह्यातल्या माणसाने उपचारासाठी राज्याची हद्द ओलांडावी, याची लाज विद्यापीठाला वाटली की नाही माहीत नाही. आपल्याला वाटायला हरकत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. मेडिकलच्या विद्यार्थ्यासाठी एक नवी शिष्यवृत्ती काढा आणि ती विद्यार्थ्याच्या नावाने न काढता तालुक्याच्या नावाने काढा. सुरगाणा शिष्यवृत्ती, पेठ शिष्यवृत्ती, त्र्यंबकेश्वर शिष्यवृत्ती. तालुक्याने विद्यार्थी निवडायचा, तालुक्यात त्याचं शिक्षण व्हायचं, आणि त्या पैशातला मोठा हिस्सा विद्यार्थ्याच्या खात्यावर न जाता त्याला गावात ठेवून शिकवणाऱ्यांवर खर्च व्हायचा.

यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. शिष्यवृत्त्या आहेतच की, बॉण्ड आहेच की, इंटर्नना खेड्यात पाठवतातच की. तिन्ही आहेत, खरं आहे. पण ती एकमेकांना ओळखत नाहीत.

शिष्यवृत्ती घ्या. अनुसूचित जमातीच्या मुलाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा भत्ता आहे. सगळा व्यवहार सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय हे बघत वर्ष सरतं आणि मेसवाल्याला मुलगा सांगत राहतो की हप्ता आला की देतो. हा पैसा हक्काचा आहे, त्याला कुठलीही अट लावायला माझा विरोध आहे, आणि पुढे मी जे मांडणार आहे ते या पैशाला हात न लावता करायचं आहे. पण एवढं लक्षात घ्या की या पैशाने मुलगा पेठहून नाशिकला, पुण्याला, मुंबईला जातो. परत कसा येईल याचा विचार त्या योजनेत कुठे नाही, आणि तो तिचा उद्देशही नव्हता.

आता बॉण्ड. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे. पदव्युत्तरला पन्नास लाख, सुपरस्पेशालिटीला दोन कोटी. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे बॉण्ड वैध ठरवले. कायद्याने ते बरोबरच असेल. पण ज्या घराने नीटच्या कोचिंगवर लाखो घातले, त्या घरात दहा लाख ही शिक्षणाच्या खर्चातली आणखी एक ओळ असते. जो भरू शकतो तो सुटतो. जो भरू शकत नाही तो वर्षभरासाठी जातो, कुठे तर जिथे जागा रिकामी निघेल तिथे. गावातली कुठली आशा कार्यकर्ती भरवशाची, पावसाळ्यात कुठला पाडा तुटतो, १०८ची गाडी कुठपर्यंत येते, हे कळेपर्यंत वर्ष संपतं. २०१९ मध्येच राज्य मंत्रिमंडळाने एका मसुद्याला मंजुरी दिली होती. एमबीबीएसच्या दहा टक्के आणि पदव्युत्तरच्या वीस टक्के जागा, पाच-सात वर्षं ग्रामीण सेवेची हमी देणाऱ्यांसाठी राखायच्या. यातला राखीव जागांचा भाग विचार करण्याजोगा होता. पण सेवा सोडली तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग, अशी तरतूद त्यात घातली. तुरुंगाच्या भीतीने ओपीडीत बसलेल्या डॉक्टरपुढे आपलं पोर न्यायला कोण तयार होईल? मी तरी होणार नाही.

राहिलं प्रशिक्षण. हा भाग जरा सविस्तर बघू, कारण खरी गोम इथे आहे.

कागदावर मेडिकलच्या विद्यार्थ्याचं गावाशी नातं पहिल्या वर्षापासून सुरू होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कुटुंब दत्तक योजना आणली. विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं घ्यायची आणि पुढची वर्षं त्यांच्या तब्येतीची खबर ठेवायची. इंटर्नशिपमध्ये सामुदायिक वैद्यकशास्त्राची बारा आठवड्यांची पोस्टिंग आहे. एमडी-एमएस करणाऱ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम सक्तीचं आहे. याआधी १९७७ मध्ये रोम नावाची योजना आली होती, प्रत्येक मेडिकल कॉलेजने तीन विकास गट सांभाळायचे. त्याहीआधी, १९४६ मध्ये, भोर समितीने सांगून ठेवलं होतं की डॉक्टरला तीन महिने समाजात उतरून प्रतिबंधक वैद्यक शिकवा, त्यातून 'सामाजिक वैद्य' तयार होईल. म्हणजे शहाण्या माणसांना हे पाऊणशे वर्षांपूर्वी कळलेलं आहे. नवीन काही सांगायचं उरलेलंच नाही.

प्रत्यक्षात काय होतं? कॉलेजची बस सकाळी निघते. पोरं आरएचटीसीला, म्हणजे कॉलेजच्या ग्रामीण केंद्रात, उतरतात. हजेरीवर सही होते. पहिल्या तासाला ओपीडीत केसपेपर लिहायला दोघं-तिघं बसतात, उरलेले मागच्या खोलीत मोबाइलवर नीट पीजीचे प्रश्न सोडवतात. दत्तक कुटुंबाच्या घरी जाऊन आजोबांचं बीपी घेतलं जातं, आजींना साखर कमी खा म्हणून सांगितलं जातं, लॉगबुकात नोंद होते. दुपारी बस परत. शिकवायला कोणी मोकळं नसतं. केंद्रातला वैद्यकीय अधिकारी लसीकरण, अहवाल, वरिष्ठांच्या व्हिडिओ कॉन्फरन्स, पोस्टमॉर्टम यांत बुडालेला. त्याच्याकडून शिक्षक होण्याची अपेक्षा कुणी केलेली नाही, त्याबद्दल त्याला कुणी दमडी दिलेली नाही. राहायला खोली म्हणावी तर क्वार्टर आहे, पण तिचं छत गळतं आणि संडासात पाणी नाही. मुलींना तिथे रात्री ठेवायला कुठला प्राध्यापक तयार होईल? आणि आता वर्गात जवळपास निम्म्या मुली असतात. पोरांना नावं ठेवणं सोपं आहे. त्यांच्या जागी मीही एमसीक्यूच सोडवले असते.

रात्री गावात राहिल्याशिवाय जे शिकता येत नाही त्याचं एक उदाहरण देतो. मण्यार हा साप रात्री चावतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दंश एवढा बारीक की खूण सापडत नाही, सूज नाही, दुखणंही फारसं नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटात कळ आली म्हणून. शहरातल्या आयसीयूत इंटर्नला हा रुग्ण भेटतो तेव्हा तो व्हेंटिलेटरवर असतो आणि फाइलवर निदान लिहिलेलं असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो पहाटे चारला पोटदुखी म्हणून येतो. नवखा डॉक्टर त्याला अॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन बसवेल. तिथली जुनी सिस्टर आधी विचारते, खाली झोपला होतास का? मग म्हणते, वर बघ बरं. पापणी उचलत नसली की ती प्रतिविषाच्या बाटल्या काढायला लागते. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपी करून बघायचं, गोठलं की नाही. मोठ्या हॉस्पिटलात ही नळी कुणी हातात घेत नाही, रक्त गोठण्याच्या तपासण्या लॅबमधून येतात. म्हणजे ज्या तासात जीव वाचतो, तो तास मोठ्या हॉस्पिटलात शिकवताच येत नाही.

दुसरं उदाहरण दिवसाउजेडीचं आहे. दिवाळी झाली की सुरगाणा, पेठकडची कुटुंबं दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला उतरतात. बागेच्या कडेला ताडपत्रीच्या खोपट्या पडतात. त्यातली एखादी बाई पाच महिन्यांची गरोदर असते. तिचं माता-बाल कार्ड गावाकडे, पत्र्याच्या पेटीत. तिकडच्या उपकेंद्राच्या यादीत तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा. इकडच्या उपकेंद्राच्या यादीत तिचं नावच नाही. दोन्हीकडचे रजिस्टर बरोबर, आणि बाई मात्र कुणाचीच नाही. इथली आशा संध्याकाळी, मजूर बागेतून परतल्यावर, खोपट्या-खोपट्यांतून फिरते. लोहाच्या लाल गोळ्या देते आणि दुसऱ्या फेरीला बघते तर पाकीट जसंच्या तसं. शौचाला काळं होतं म्हणून घेतल्या नाहीत, सासू म्हणाली पोर काळं होईल. आशा त्यावर भाषण देत नाही. शेजारच्या खोपटीतल्या, गोळ्या घेऊन बाळंत झालेल्या बाईला हाक मारते आणि तिचं पोर दाखवते. रक्तक्षयाचं प्रकरण पाठ असलेल्या विद्यार्थ्याने ही एक संध्याकाळ पाहिली पाहिजे. पण बस दुपारी गेलेली असते.

तर शिष्यवृत्तीचा पैसा कशाला लागतो, ते आता स्पष्ट व्हावं. फी हा त्यातला लहान भाग. विद्यार्थ्याला तालुक्यात सलग सहा महिने ठेवायचं तर कुलूप लागेल असं दार, पाणी असलेला संडास, जेवणाची सोय आणि वाड्या-पाड्यांवर जायला गाडी लागते. आणि शिकवणारी माणसं लागतात. ती आहेत. सिस्टर आहे, आशा आहे, एमपीडब्ल्यू म्हणजे बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी आहे. नवसंजीवनी योजनेतल्या भरारी पथकांचे मानसेवी डॉक्टर आहेत, बहुतेक बीएएमएस झालेले. ज्या पाड्यांची नावंही आपण ऐकली नाहीत तिथे ते तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं फिरत आलेत. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने बीएएमएस डॉक्टरकडून शिकावं म्हटलं की काही प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत. कुपोषित मूल तीस फुटांवरून ओळखणारा माणूस त्या प्राध्यापकांच्या विभागात नाही. या सगळ्यांना शिक्षक म्हणून मानधन द्या, विद्यापीठाचं पत्र द्या, विद्यार्थ्याच्या मूल्यमापनात त्यांची सही घ्या.

गावातून ज्ञान वर जातं हे महाराष्ट्राला तरी पटवून द्यायला नको. लाल विंचू चावलेली माणसं हृदय निकामी होऊन मरत, त्यावर प्राझोसिन हे औषध चालतं हे महाडच्या परिसरात, प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्करांनी पाहिलं आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. नवजात बाळाला घरीच कसं वाचवायचं हे गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी करून दाखवलं, तेही १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. आज देशभरातली आशा बाळंतपणानंतर घरी जाऊन झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन करते, त्याची मुळं तिथे आहेत. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. तेव्हा खेड्यातल्या प्रशिक्षणाला समाजसेवा म्हणणं बंद करू या. समाजसेवा म्हटलं की ती आठ दिवसांच्या शिबिराएवढीच होते आणि शेवटच्या दिवशी फोटो निघतो.

तालुक्याने विद्यार्थी निवडावा ही कल्पनाही माझी नाही. जपानमध्ये १९७२ मध्ये जिची मेडिकल युनिव्हर्सिटी सुरू झाली ती याच कामासाठी. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन विद्यार्थी निवडतात, फी कर्जाऊ मिळते, आणि पदवीनंतर आपल्याच प्रांतात नऊ वर्षं सेवा केली की कर्ज माफ. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात लहान-लहान मिशन हॉस्पिटलं विद्यार्थी पुरस्कृत करतात आणि तो डॉक्टर होऊन दोन वर्षं त्यांच्याकडे काम करतो. सेवाग्रामला, १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी उभारलेल्या कॉलेजात, प्रत्येक तुकडीचं एक गाव असतं आणि पहिल्याच वर्षी पोरं तिथे मुक्काम टाकतात. या तिन्हींत एक धागा समान आहे. विद्यार्थ्याला सुरुवातीपासून माहीत असतं की आपलं गाव कुठलं. आपल्या बॉण्डमध्ये ते शेवटी कळतं, समुपदेशनात म्हणजे जागावाटपात निघणाऱ्या यादीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये या विषयावर शिफारशी काढल्या, २०२१ मध्ये त्या सुधारल्या. ग्रामीण भागात वाढलेला विद्यार्थी ग्रामीण भागात परतण्याची शक्यता जास्त, ही त्यातली सर्वांत भक्कम गोष्ट. सेवेच्या बदल्यात शिष्यवृत्ती, याच्या बाजूचा पुरावा मात्र तितका पक्का नाही असं २०१० च्या त्याच दस्तऐवजात आहे. हे मी दडवणार नाही, कारण ते माझ्या म्हणण्याला सोयीचंच आहे. नुसते पैसे देऊन सही घेतली तर बॉण्डचं दुसरं रूप तयार होतं. निवड तालुक्यातून, प्रशिक्षण तालुक्यात आणि नोकरी तालुक्यात, असं एकत्र बांधलं तरच त्या पैशाला अर्थ.

आता आक्षेप. त्यातला एक मला खरोखर अस्वस्थ करतो. आदिवासी मुलगा डॉक्टर झाला की त्याने आदिवासी भागातच जायचं, आणि नाशिकच्या सुखवस्तू गंगापूर रोडचा मुलगा मात्र कार्डिऑलॉजिस्ट होणार, ही नवी जातव्यवस्थाच नाही का? सुरगाण्याच्या मुलाला मुंबईत मोठा सर्जन होण्याची इच्छा असू नये का? असावी, आणि त्यासाठी त्याचा मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा हक्क बिनशर्त राहावा. तालुका शिष्यवृत्ती ही वेगळी, ऐच्छिक, तालुक्यातल्या कुठल्याही जातीच्या मुलाला खुली. गावातलं सहा महिन्यांचं प्रशिक्षण मात्र सगळ्यांना सक्तीचं, गंगापूर रोडच्या मुलालाही. शिवाय तालुका शिष्यवृत्ती घेतलेल्याला तिथेच गाडून टाकायचं नाही. चार-पाच वर्षं सेवा झाली की पदव्युत्तरला त्याला सेवांतर्गत कोट्यातून, म्हणजे सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी राखलेल्या जागांतून, जागा मिळाली पाहिजे. राज्यांना असा कोटा ठेवता येतो हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं आहे. आणि मधेच कुणाला सोडायचं असेल तर घेतलेली मुद्दल हप्त्याने परत करावी आणि जावं. तुरुंग नको, कोटीचा दंड नको. काही जण जातील. वेल्लोरलाही काही जात असतील. दहातले सहा राहिले तरी आजच्यापेक्षा सहा जास्त.

अस्वस्थता तरीही पूर्ण जात नाही. ज्याच्याकडे पर्याय कमी, त्याची 'ऐच्छिक' सही किती ऐच्छिक असते? याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर मला सापडलेलं नाही. एवढं नक्की करता येईल की करार मुलाला सतराव्या वर्षी, निकालाच्या आनंदात करायला लावायचा नाही. पहिली दोन वर्षं मदत विनाअट द्यावी, गावातली पहिली मोठी पोस्टिंग होऊ द्यावी, आणि मग त्याने ठरवावं.

दुसरा आक्षेप डॉक्टरांच्या संघटनांचा, आणि तो रास्त आहे. एकटा डॉक्टर पाठवून काय होणार? सिझेरियन करायचं तर भूलतज्ज्ञ हवा, रक्त हवं, ऑपरेशन थिएटर चालू हवं. ते नसेल तर कितीही तळमळीचा डॉक्टर असो, त्याचं काम एकच उरतं, नाशिकला सिव्हिलला रेफर. आणि वाटेत काही झालं की नातेवाइकांचा राग त्याच्यावरच. आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. केंद्र बांधून होतं, फलक लागतो, पण निकषात भूलतज्ज्ञ येत नाही. यावर एक उपाय हाताशी आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे ते सक्तीचे तीन महिने. पन्नास खाटांच्या वरच्या सरकारी रुग्णालयात ते करता येतात. मग सगळे नाशिकच्या सिव्हिलमध्ये का गोळा करायचे? भूलशास्त्राचा, स्त्रीरोगाचा आणि बालरोगाचा एकेक निवासी डॉक्टर आळीपाळीने कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात राहिला तर वर्षभर तिथे टीम असेल. तालुका शिष्यवृत्तीचा विद्यार्थी त्यांच्याबरोबर काम करेल, आणि सुरगाण्याहून आलेली बाई कळवणलाच मोकळी होईल.

रुग्णांवर प्रयोग नकोत, हाही मुद्दा येतो. शिकाऊ पोरांना आदिवासींवर हात साफ करायला पाठवता का? शिकवणारा जवळ नसेल तर तसंच होतं, म्हणून तर शिक्षकावर एवढा भर दिला. आणि प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात गरिबांवरच शिकूनच आपले सगळे डॉक्टर झाले आहेत, हे शहरात कुणाला खटकलेलं मी पाहिलेलं नाही.

पैशाचं म्हणाल तर आदिवासी उपयोजनेचा निधी आहे. पेसा, म्हणजे आदिवासी स्वशासनाचा कायदा, लागू असलेल्या गावांच्या ग्रामपंचायतींना त्यातला पाच टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी थेट मिळतो. तो निधी गावाचा आहे, तो वैद्यकीय शिक्षणाला जुंपू नये, पण क्वार्टरचं छत दुरुस्त करायला ग्रामसभेने मनावर घेतलं तर घेऊ शकते. ज्या गावाने खोली नीट केली, त्या गावात विद्यार्थी आधी पाठवावा, एवढा हिशेब ग्रामसभेला चटकन कळतो. मूळ खर्च मात्र आयुक्तालयाने उचलावा. एका डॉक्टरवर पाच-सहा वर्षांत जो खर्च होईल तो एखाद्या उड्डाणपुलाच्या सुशोभीकरणाइतकाही नसेल असा माझा अंदाज आहे, आणि कुंभमेळ्याच्या तोंडावर नाशिकमध्ये सुशोभीकरणाला पैसे नाहीत असं कुणी म्हणू नये.

सुरुवात कुठून? ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात ज्या दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात नाशिकचं एक आहे. नवं कॉलेज म्हणजे अजून सवयी पडलेल्या नाहीत. आरएचटीसीची बस दुपारी परत आणायची पद्धत एकदा रुजली की ती बदलायला पिढी जाईल. या कॉलेजने आदिवासी तालुक्यांसाठी एकेक विद्यार्थी, एवढ्यावर सुरू करावं. निवड समितीवर आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाचा अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, पंचायत समितीचा एक सदस्य आणि तिथली एक आशा असावी. आशा का, असं विचारणारे विचारतील. कुठल्या घरातली मुलगी आजारी माणसाजवळ बसते, हे तिला ठाऊक असतं म्हणून. नीटचे गुण हवेतच, ती अट सोडता येणार नाही, पण गुण असलेल्यांमधून निवडायचं तर ही माहिती मुलाखतीतल्या इंग्रजीपेक्षा उपयोगाची.

अडचण त्याच्याही आधीची आहे. त्या तालुक्यातून नीटचं दार ओलांडणारी मुलं किती निघतात? कमी. आश्रमशाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्राचा शिक्षक अर्धं वर्ष नसतो, तिथे शिष्यवृत्ती घ्यायला कोण उभं राहणार? नाशिक जिल्हा परिषदेने 'सुपर ५०' नावाने ग्रामीण मुलांना प्रवेश परीक्षांसाठी निवासी तयारी करून देण्याचा उपक्रम चालवला, तसं काहीतरी या शिष्यवृत्तीच्या खालच्या पायरीला जोडावं लागेल. म्हणून जाहिरात एमबीबीएसच्या प्रवेशावेळी काढून उपयोग नाही. दहावीच्या निकालानंतर ती मराठीतून, सुरगाणा, पेठ, हरसूलच्या बाजारात आणि प्रत्येक आश्रमशाळेच्या फलकावर लागली पाहिजे. त्यावर रक्कम, गावात राहण्याचे महिने, सेवेची वर्षं आणि मधेच सोडल्यास किती परत करायचं, हे सगळं आकड्यांत लिहिलेलं असावं. पोर्टलची लिंक खाली बारीक अक्षरात चालेल. प्रकल्प कार्यालयातल्या ज्या माणसाला भेटायचं, त्याचं नाव आणि वार मात्र मोठ्या अक्षरात हवा.